शिंपला म्हणजे नुसता चुना? नाही!

वैनगंगेकाठच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे: शिंपला म्हणजे निव्वळ चुना, पाण्यातला चुना गोठून तो आपोआप तयार होतो, आतली झळाळी खनिजाच्या रंगाची, आणि कुटून काळ्या वावरात टाकला की पऱ्हाटीला फुकटचं खत.

शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, पानाला लावायचा चुना कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा. शिंपले भट्टीत भाजून पाण्यात विझवले की चुना होतो, पण भाजल्याशिवाय नाही.

‘आपोआप गोठतो’ हे तर साफ चूक. कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांच्या मुख्य घडणी दोन, कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट. नेहमीच्या हवामानात जास्त टिकाऊ कॅल्साइट. कोरपना-गडचांदूरकडच्या चुनखडीत तेच असतं. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या गाळातला शिंपला मात्र अ‍ॅरागोनाइटचा. आतला जीव प्रथिनं आणि कायटिन (कीटकांच्या कवचात असतो तो चिवट पदार्थ) स्रवतो, त्यांची चौकट बनते, आणि कोणता स्फटिक कुठं, कोणत्या दिशेनं वाढायचा हे त्या चौकटीवर ठरतं. बाहेर तपकिरी-हिरवट साल, तिच्याखाली उभे खांबासारखे स्फटिक, सगळ्यात आत आडव्या चकत्यांचे थर. एक चकती जेमतेम अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्मी जाड. घरावरच्या कवेलूंसारख्या त्या एकमेकींवर सरकून बसलेल्या, मधे प्रथिनांचा पातळ लेप. तडा गेलाच तर त्याला सरळ वाट मिळत नाही, वळणं घेत जावं लागतं. म्हणूनच नुसत्या खनिजापेक्षा हा थर कित्येक पट चिवट. पटत नसेल तर शिंपल्याचा तुकडा व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवा, व्हिनेगर बदलत राहा. खनिज फसफसून जातं आणि पातळ पापुद्रे उरतात. निव्वळ चुन्यात पापुद्रे कुठून येणार?

झळाळी येते तीही या चकत्यांमुळं. त्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असते, त्यामुळं थराथरावरून परतलेले किरण एकमेकांत मिसळून रंग दिसतात. तोच शिंपला बारीक वाटा, पांढरी भुकटी हाती येते. रंग खनिजाचा असता तर भुकटीतही उतरला असता.

राहिलं खत, आणि खरी काळजी याचीच वाटते. आपल्या काळ्या जमिनी बहुतेक आधीच अल्कधर्मी, खणलं की चुनखडीचे खडे निघतात. अशा मातीत शिंपल्याची पूड जवळपास विरघळतच नाही. चुना घालायचा तो आम्लधर्मी जमिनीत. चुनखडीच्या वावरात लोह आणि जस्त पिकाला आधीच नीट मिळत नाही, पानं पिवळी पडतात. त्यावर पुन्हा कार्बोनेटच कशाला? त्यापायी तलावातले जिवंत शिंपले उपसू नका. पाणी गाळून पोट भरणारे हे जीव तलाव निवळ ठेवतात.