निवृत्तीचं वय कमी केलं म्हणून पोरांना नोकऱ्या लागणार नाहीत

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करावं, ही राजपत्रित अधिकारी महासंघाची जुनी मागणी. तिची बातमी आली की अशा आशयाचा मेसेज हमखास फिरतो: ‘म्हातारे खुर्ची सोडत नाहीत म्हणून पोरं बेकार आहेत. वय वाढवायचं सोडा, ५५ करा. एक गेला की एक लागतो. परदेशातही असंच केलंय. आणि त्यांना काय, पेन्शन आहेच.’ अभ्यासिकेत उमेदीची वर्षं घालवणाऱ्या मुलांची चीड रास्त आहे. म्हणूनच ती चुकीच्या माणसावर निघू नये असं मला वाटतं.

‘एक गेला की एक लागतो.’ वय एकदम दोन वर्षांनी वाढवलं तर तेवढा काळ निवृत्त्या थांबतील, पदोन्नत्याही अडतील, हे मान्य. पण आज ५८ ला माणसं जातच आहेत, तरी राज्यात दोन लाखांहून अधिक पदं रिकामी असल्याचं वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. माणूस निवृत्त झाला की फक्त जागा मोकळी होते. ती भरायला वित्त विभागाची मान्यता, जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नेमणूक लागते, आणि घोडं यातल्या कुठल्याही टप्प्यावर अडतं. तोवर काम कंत्राटी माणसाकडून करून घेतात, किंवा निवृत्त अधिकाऱ्यालाच मानधनावर परत बोलावतात. यात मुलांच्या पदरी काय पडलं? वय ५५ केलं तर पेन्शनचा खर्च तीन वर्षं आधी सुरू होईल, म्हणजे भरतीसाठी हात आणखी आखडता.

‘परदेशातही असंच केलंय.’ केलंय, पण फळ काय मिळालं तेही सांगा. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या सरकारने पूर्ण पेन्शनचं वय ६५ वरून ६० वर आणलं. १९८३ पासून ते लागू झालं. तरुणांची बेकारी त्याने हटली नाही. ग्रुबर आणि वाइज या अर्थतज्ज्ञांनी १२ देशांची आकडेवारी तपासून घेतली, तेव्हा ज्येष्ठ कामावर राहिल्याने तरुणांचा रोजगार घटतो असं आढळलं नाही. विरुद्ध बाजूचा दाखलाही आहे. इटलीत २०११ च्या अखेरीस निवृत्तीचं वय अचानक वाढवलं, तेव्हा ज्या कंपन्यांत जास्त ज्येष्ठ अडकून पडले तिथे तरुणांची भरती घटली. म्हणून वय वाढवायचंच असेल तर ते टप्प्याटप्प्याने वाढवावं. ते ५५ वर आणण्याला मात्र यातून काहीच आधार मिळत नाही.

‘पेन्शन आहेच.’ मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच झाला. जुन्या योजनेत २० वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी निवृत्तिवेतन लगेच सुरू होतं. केंद्राने एप्रिल २०२५ पासून आणलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत २० वर्षांनंतर बाहेर पडता येतं, पण पैसे मात्र निवृत्तीच्या नियत वयाची तारीख उजाडल्यावरच. मुलीचं शिक्षण आणि घराचा हप्ता चालू असलेला माणूस मधली वर्षं कशावर काढेल? तो थांबणारच. त्याला खुर्चीचा मोह आहे म्हणणं अन्यायाचं आहे. नियमच त्याला थांबायला लावतात.

खासगी नोकरदाराचं तर विचारूच नका. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत (ईपीएस) २०१४ साली ठरलेलं किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षांची पेन्शनपात्र सेवा धरली तरी हिशेब ७,५०० वर थांबतो. पन्नाशीनंतर आधीच पेन्शन घेतली तर ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके वेळा ४ टक्के कापले जातात. म्हणून कारखान्यातून ५८ ला निवृत्त झालेला फिटर दुसऱ्या महिन्यात ठेकेदाराकडे वॉचमन म्हणून उभा राहतो, निम्म्या पगारावर, बारा तासांच्या पाळीत. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, हमाल यांना निवृत्तीचं वयच नाही. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार मिळायलाही ६५ वर्षं पूर्ण लागतात, तोवर हातपाय चालतील तसं काम.

त्यामुळे मेसेज पुढे पाठवणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे: आपल्या जिल्ह्यात प्रत्येक विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती आणि शेवटची जाहिरात कधी निघाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आलं की तो कागद घेऊन आमदारांकडे जा.