पांढरीवरचा फलक

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आठवडाभर उत्साह होता आणि पुढचा आठवडाभर भांडण. आता निधी येणार हे सर्वांनी गृहीत धरले होते आणि वाद होता तो खर्चाचा. एका भावाला पायथ्यापर्यंत रुंद रस्ता हवा होता, दुसऱ्याला रोपवे, तिसऱ्याला पुतळा, आणि धाकट्या काकांना स्वच्छतागृहे. (काकांचे म्हणणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटले; त्याला गटावर एकही अंगठा मिळाला नाही.) मी डब्लिनमधून विचारले की घोड नदीच्या काठी इनामगावला जी साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उत्खननात सापडली, तिच्यासाठी एक बरी पायवाट आणि चार फलक व्हावेत असे कोणाला वाटते का. उत्तर आले ते एकच: ‘तिथे बघण्यासारखे आहे काय?’

हा प्रश्न मी हलका मानत नाही, कारण तो मला इथे, आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, वडिलांसमवेत उभा असताना स्वतःलाच पडला होता. मेयो परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर, अटलांटिकच्या उंच कड्यांलगत ‘केजी फील्ड्स’ नावाची जागा आहे. तिथे पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-गवताच्या दलदलीखाली, सुमारे हजार हेक्टरांवर दगडी बांधांनी आखलेली शेते गाडली गेलेली आहेत. ती सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची असल्याचे उत्खननकर्ते सांगतात. प्रत्यक्षात डोळ्यांना दिसते ते मैलोन् मैल तपकिरी माळरान, अधूनमधून उघडे केलेले गुडघाभर उंचीचे दगडांचे काही तुकडे, आणि गाडलेल्या बांधांची रेघ दाखवणाऱ्या काठ्या. अण्णा श्रीगोंद्याहून आले होते. विमानाचा शीण, वर बोचरा वारा आणि त्यात पोराने दाखवायला आणलेले हे. पहिली पाच मिनिटे ते काही बोलले नाहीत.

मग लाकडी पायवाटेवरून चालता चालता एका तिरप्या फलकाशी ते थांबले. फलकावर बांधांचा नकाशा होता: किनाऱ्याकडून आत जाणाऱ्या लांबच लांब समांतर रेघा, काही दोन किलोमीटरांपर्यंत, आणि मध्ये आडवे बांध घालून केलेले तुकडे. इंग्रजी मजकूर मी वाचून दाखवायच्या आत अण्णा म्हणाले, ‘अरे, ह्या तर वाटण्या आहेत.’ त्यानंतर तासभर मला मार्गदर्शकाचे काम उरले नाही. तिथली मार्गदर्शक मुलगी पाहुण्यांच्या हाती लांब लोखंडी गज देते. तो पीटमध्ये खुपसला की अलगद आत जातो आणि खाली बांध असेल तर दगडाला लागून थांबतो. अण्णांनी तीनदा खुपसून पाहिला आणि मग बांध कोरण्यावरून आमच्या भावकीत झालेल्या एका जुन्या खटल्याची हकिगत त्या मुलीला मराठीतून सांगितली.

इनामगावच्या बाबतीत मी जे म्हणतो त्याचा उगम या तासात आहे. किल्ला स्वतःच बोलतो. त्याचा बुरूज, दरवाजा, तट पाहून अडाण्यालाही कळते की इथे काही घडले. शेतीची जुनी जागा मुकी असते. तिथे फलक नसेल तर जागाच नसते. पाहणाऱ्याच्या लेखी ते माळरान किंवा टेकाड असते आणि तेवढेच राहते. म्हणून किल्ल्यावर जो खर्च शेवटी, उरल्यासुरल्या पैशांतून केला तरी चालतो, तोच खर्च शेतीच्या जागी पहिला आणि मुख्य असला पाहिजे. आपल्याकडे नेमके उलट होते, कारण निधीचा आराखडा करणारा माणूस वास्तू मोजतो, आणि जिथे वास्तू नाही तिथे तो एकतर शून्य लिहितो किंवा नवी वास्तू बांधायला काढतो.

नवी वास्तू बांधण्याचा मोह आयर्लंडलाही सुटला नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे, नाहीतर परदेशातील माणूस तिकडची आरती ओवाळतो हा आरोप खरा ठरेल. १९९० च्या सुमारास युरोपीय निधी हाताशी आला तेव्हा सरकारच्या सार्वजनिक बांधकाम कार्यालयाने निसर्गरम्य आणि ऐतिहासिक जागी ‘माहिती केंद्रे’ बांधण्याचा सपाटा लावला. बरेन या चुनखडीच्या पठारावरील मुलाघमोर डोंगराच्या पायथ्याशी असे केंद्र उभे राहू लागले, तेव्हा परिसरातल्या लोकांनी विरोध केला. गाव दुभंगले, रोजगार हवा असणारे एका बाजूला, डोंगर जसाच्या तसा हवा असणारे दुसऱ्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सरकारी कार्यालयालाही इतरांप्रमाणेच बांधकामाची परवानगी घ्यावी लागते. पुढे अनेक वर्षांनी तिथले अर्धवट बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्यात आली. म्हणजे उभारायलाही पैसे गेले आणि पाडायलाही.

केजी फील्ड्सचे केंद्र त्याच लाटेत, १९९३ मध्येच उघडले. पिरॅमिडच्या आकाराची ती इमारत सुंदर आहे, तिच्या मधोमध पीटमधून निघालेला चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या पाइन वृक्षाचा बुंधा उभा आहे, आणि तिला वास्तुकलेचा सन्मानही मिळाला. तरी माझे मत असे की अण्णांना ती जागा कळली ती इमारतीत नव्हे, बाहेरच्या फळ्यांवर. इमारत नसती तर आमचे कपडे भिजले असते. पायवाट नसती तर आम्ही घोट्यापर्यंत चिखलात रुतलो असतो, आणि आमच्यासारख्या हजारोंच्या पायांखाली पीटचा वरचा जिवंत थर तुडवला गेला असता. पायवाट माणसाला जागेपासून वाचवते त्याहून अधिक जागेला माणसापासून वाचवते. चाकाच्या खुर्चीवरचा पाहुणाही तिच्यावरून आत जातो, हा तिसरा फायदा आपल्या आराखड्यांत क्वचितच मोजला जातो.

या जागेचा शोधही एका शिक्षकाने लावला. १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफिल्ड हे गावातील शिक्षक जळणासाठी पीट कापत असताना त्यांना खाली दगडांच्या ओळी लागल्या. त्यांनी विचार केला की ज्या अर्थी या ओळी पीटच्या तळाशी आहेत त्या अर्थी त्या पीट साचण्यापूर्वी रचल्या गेल्या. त्यांनी राष्ट्रीय संग्रहालयाला पत्र लिहिले. पुढे त्यांचे पुत्र शेमस पुरातत्त्वज्ञ झाले आणि त्यांनी गजाने चाचपत चाचपत हे सारे बांध नकाशावर आणले. आपल्याकडे प्रवरेकाठच्या दायमाबादची प्रसिद्ध कांस्यशिल्पे १९७४ मध्ये मिळाली तीही झुडपाचे मूळ खणणाऱ्या एका भिल्ल शेतकऱ्याला. मातीशी रोजचा संबंध असणाऱ्या माणसाला आधी दिसते. फलक मात्र त्याला उद्देशून कोणी लिहीत नाही.

आता इनामगावबद्दल. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झाले. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या सुमाराच्या तीन टप्प्यांतील शंभरावर घरे उजेडात आली. बार्ली हे मुख्य पीक, सोबत गहू आणि कडधान्ये, धान्याचे कोठार, त्याशेजारी पाच खोल्यांचे मोठे घर, जे गावप्रमुखाचे असावे असा उत्खननकर्त्यांचा तर्क, घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नदीचे पुराचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट व त्याला धरून घातलेला बंधारा. पुढच्या टप्प्यात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेतीचा जोर घटतो, गुरे-मेंढ्या आणि शिकार यांच्यावरची भिस्त वाढते. पाऊसमान कमी झाल्याने असे घडले, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे.

यातले काहीही आज उघड्यावर ठेवता येत नाही. मातीच्या भिंती पहिल्याच पावसात विरघळतील, म्हणून उत्खननाचे चर भरून घेणे हेच योग्य असते. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. राख, शेण, पडक्या भिंतींची माती यांनी बनलेली ही पांढरी खत म्हणून शेतात पसरायची किंवा घर सारवायला न्यायची, ही जुनी रीत आहे आणि महाराष्ट्रातील कितीतरी प्राचीन टेकाडे अशी बैलगाडी-बैलगाडीने कमी झाली. यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्या मातीत काय आहे हे त्याला कोणी जागेवर उभे राहून सांगितलेच नव्हते.

गटावर माझ्या म्हणण्याला सर्वांत कठोर उत्तर चुलतभावाने दिले, आणि त्याला उत्तर देणे मला आजही सोपे वाटत नाही. तो म्हणाला, ‘इथे जिवंत शेतकऱ्याला भाव मिळत नाही आणि दादा, तू मेलेल्या शेतकऱ्याला पाट्या लावायला निघालास.’ परदेशी पगारावर बसून असा सल्ला देणे मला शोभत नाही, हे त्याने लिहिले नाही, पण मी वाचले. माझी बाजू एवढीच आहे की हा पैसा कांद्याच्या अनुदानातून कापायचा नाही. तो वारशाच्या आणि पर्यटनाच्या नावाने येणारच आहे आणि कमानींवर, रोषणाईवर, उद्घाटनाच्या मंडपावर जाणारच आहे. त्यातला लहानसा वाटा या जागेकडे वळावा. शिवाय पाऊस हटल्यावर तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाने पीक आणि धंदा कसा बदलला, ही गोष्ट आज ज्या खोऱ्यात ऊस उभा आहे त्या घोडच्या काठावर फलकावर लिहिलेली असणे, हे मेलेल्या शेतकऱ्यासाठी नाही.

पैसा कोणत्या वाटेने यावा याचेही उदाहरण इथे आहे. आयर्लंडमधील बहुतेक प्राचीन अवशेष खासगी शेतांत आहेत. २०२० पासून सरकारने ‘कम्युनिटी मॉन्युमेंट्स फंड’ नावाचा निधी सुरू केला. जमिनीचा मालक किंवा गावातील मंडळ स्थानिक परिषदेमार्फत त्यातून पैसे मागू शकते, आणि दुरुस्तीबरोबरच पोचण्याची वाट व माहितीचे फलक यांसाठीही त्यात स्वतंत्र सोय आहे. शेती-पर्यावरण योजनेतून, शेतातील प्राचीन अवशेष जपल्याबद्दल शेतकऱ्याला मोबदलाही दिला गेला आहे. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या यादीत ऐतिहासिक स्थळांचे जतन आहेच. मात्र तो पैसा ज्या जागी छायाचित्र चांगले येते तिकडे ओढला जातो, आणि टेकाडाचे छायाचित्र चांगले येत नाही. म्हणून जिल्हा नियोजनातून लहान, हक्काची आणि वर्षानुवर्षे चालणारी रक्कम मला अधिक भरवशाची वाटते. बांधकामाला एकदा निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही, ही आपली जुनी व्यथा; फलकाच्या बाबतीत ती दुप्पट लागू आहे, कारण फिकट पडलेला फलक ‘इथे कोणी येत नाही’ असेच सांगतो.

कामाचे तपशीलही स्वस्तातले आहेत, फक्त विचार हवा. पांढरीवर खोल पाया खणायचा नाही, कारण खाली न उकरलेले थर आहेत. वरून जाड कापड अंथरून त्यावर मुरूम दाबला तर वाट होते आणि उद्या काढूनही टाकता येते. काळ्या मातीत रोवलेला खांब पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीबरोबर कलतो, त्यामुळे तिथे जड बैठकीवर ठेवलेला बुटका, तिरपा फलक बरा. फ्लेक्स नको, आपले ऊन त्याला दोन उन्हाळ्यांत पांढरा करते. आणि निधी देणाऱ्याचे नाव माहितीपेक्षा लहान अक्षरांत असावे. युरोपीय पैशातून झालेल्या कामांवरही बारा ताऱ्यांची पाटी लावावीच लागते, पण ती कोपऱ्यात असते.

मजकुरात मतभेदही आले पाहिजेत. केजी फील्ड्सचे बांध मानले जातात तितके जुने नसून कांस्ययुगातील असावेत, असा आक्षेप २०१७ मध्ये एका संशोधकाने घेतला आणि उत्खननकर्त्यांना तो मान्य नाही. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा जागेबद्दलचा आदर कमी झालेला दिसला नाही. उलट ‘मग निकाल काय लागला?’ असे त्यांनी विमानतळावरही विचारले.

परतण्यापूर्वीच्या रात्री आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून इनामगावच्या पहिल्या फलकाचा मजकूर करून पाहिला. मी लिहिले होते: ‘या ठिकाणी ताम्रपाषाणयुगीन कृषक समाजाने जलव्यवस्थापनाची प्रगत प्रणाली विकसित केली होती.’ अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, माझ्या हातातले पेन घेतले, सगळे खोडले आणि लिहिले: ‘इथल्या लोकांनी नदीचं पाणी पाटानं शेतात आणलं होतं. पाट तुमच्या डाव्या हाताला होता.’

‘डाव्या हाताला होता का खरंच?’ मी विचारले.

‘ते तू डेक्कन कॉलेजला विचार,’ अण्णा म्हणाले, ‘पण कुठल्या हाताला ते लिहिल्याशिवाय पाटी लावू नकोस.’