भरतीची वेळ तरी बघायची होती

ठाण्याजवळच्या येऊरला झालेल्या पक्षीनिरीक्षण रिट्रीटमध्ये पक्षी दिसले नाहीत, ही माझी तक्रार नाही. हे आधीच सांगते, कारण आयोजकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना एकच उत्तर दिलंय : ‘निसर्ग आहे, गॅरंटी कोण देणार?’ पक्षीनिरीक्षण करणाऱ्या कुणालाही हे शिकवायची गरज नाही. पहाटे उठून, चिखल तुडवून, काहीही न बघता घरी येण्याची आपल्याला सवय असते आणि तरी पुढच्या रविवारी आपण दुर्बीण गळ्यात अडकवतोच. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. जे पूर्णपणे माणसांच्या हातात होतं, ज्याचे पैसे घेतले होते, तेसुद्धा केलं नाही आणि वर निसर्गाचं नाव पुढे केलं.

जाहिरात तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, फेब्रुवारीत ठाण्याच्या बहुतेक ग्रुपवर फिरत होती. येऊरच्या कुशीत दोन दिवसांची निवासी पक्षीनिरीक्षण रिट्रीट. फक्त बारा जणांचा गट. तज्ज्ञ निसर्ग-अभ्यासकासोबत पहाटेची आणि रात्रीची जंगलभ्रमंती. ऐरोलीहून बोटीने थेट फ्लेमिंगोंच्या थव्यात. शांतता आणि घरगुती जेवण. माणशी साडेसात हजार रुपये. फोटोत तर फ्लेमिंगो बोटीच्या काठाला चोच लावतील इतके जवळ.

प्रत्यक्षात चौतीस माणसं होती. एका बंगल्याच्या आवारात तंबू ठोकलेले, दोन बाथरूम. हे मी एका ओळीत सोडून देते. गर्दी, कच्चा भात, बाथरूमपुढची रांग यांवर ग्रुपमध्ये बरंच लिहून झालंय आणि त्याची चीड मला त्या मानाने कमी आली. बारा आणि चौतीस यांतला फरक मात्र सोयीपुरता नसतो. बारा माणसं गप्प राहू शकतात. चौतीस माणसं पाचोळ्यावरून चालली की पुढच्या वळणावरचं झाड रिकामं झालेलं असतं.

मला बोलायचंय ते खाडीबद्दल.

ठाणे खाडी ही काही कुठलीही पिकनिकची जागा नाही. २०१५ साली राज्य सरकारने इथलं १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं. २०२२ साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. महाराष्ट्रात त्याआधी तो फक्त नांदूर मधमेश्वर आणि लोणारला मिळालेला होता. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई, डोक्यावरून विजेच्या तारा, आणि मधल्या चिखलात हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत हजारो रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरतात. लहान रोहित पाण्यातलं बारीक शेवाळ चोचीने गाळून खातो, मोठा रोहित चिखल ढवळून त्यातले जीव टिपतो. त्यांचा गुलाबी रंगसुद्धा या खाण्यातूनच येतो. म्हणजे हा सगळा सोहळा चिखलावर उभा आहे, आणि चिखल कधी उघडा पडणार हे भरती-ओहोटी ठरवते.

बोटीतून फ्लेमिंगो बघायचे तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. बोट तरंगेल एवढं पाणी हवं आणि पक्ष्यांना चरायला थोडा चिखल उघडा हवा. पूर्ण ओहोटीला बोट निघत नाही. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी उठून नेरुळ, सीवूड्स, भांडुपच्या पाणथळ जागांवर विसाव्याला जातात. मधले काही तास आपले. ऐरोलीच्या बोटफेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात त्या यामुळेच.

आणि भरतीची वेळ वर्षभर आधी छापलेली असते. इंटरनेटवर फुकट मिळते. तेही नको असेल तर आपल्या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. भिंतीवरचं कॅलेंडर बघून शाळकरी पोरगंही सांगेल.

तो रविवार संकष्टीचा होता. तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. आमची बोट किती वाजता ठेवली होती? नऊ वाजता.

आम्ही सगळे ऐरोलीच्या जेट्टीवर उभे, आणि समोर नुसता काळा चिखल. फ्लेमिंगो होते, पण इतके लांब की दुर्बिणीतूनही फिकट पट्टाच दिसत होता. माझ्या शेजारी नाशिकहून आलेले एक काका-काकू होते. काकांनी निवृत्तीनंतर नांदूर मधमेश्वरच्या वाऱ्या केलेल्या, वहीत नोंदी ठेवणारा माणूस. खाडीतले मोठे थवे बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा, म्हणून मुलाने वाढदिवसाला हे बुकिंग करून दिलं होतं. काकूंचा उपास. फॉर्ममध्ये लिहूनही त्यांच्यासाठी फक्त दोन केळी आली होती. त्या मला म्हणाल्या, ‘‘अगं, पाणीच नाही तर बोट चालणार कशी?’’ तिथे उभ्या असलेल्या एका स्थानिक मच्छीमाराने ते ऐकलं. म्हणाला, ‘‘आज चवथ आहे, ताई. पाणी दुपारी येणार. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.’’

विचारलं असतं तर. त्या माणसाच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

बोट रद्द झाल्यावर ‘भरपाई’ म्हणून आम्हाला बसने नेरुळच्या पाणथळ भागात नेलं. पोहोचलो साडेअकराला. आता वरचं पुन्हा आठवा. तिथे पक्षी येतात ते भरतीला, खाडीतला चिखल बुडाल्यावर. साडेअकराला पाणी अजून चढतच होतं, पक्षी अजून खाडीत चरत असणार. तिथे आम्हाला दिसले थोडे शेकाटे, एक राखी बगळा आणि सेल्फी काढणारी माणसं. एकाच भरतीच्या वेळापत्रकाने एका दिवसात दोनदा हात दाखवला. आणि तीन वाजता, म्हणजे ज्या वेळी पक्षी तिथे येऊन बसायचे, त्या वेळी आम्ही येऊरला परत जाऊन ‘सर्टिफाइड बर्डर’ असं छापलेली प्रमाणपत्रं घेत होतो. काकांनी प्रमाणपत्राची घडी घातली आणि बॅगेत ठेवली, एक शब्द बोलले नाहीत. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

नेरुळमध्येच थांबून राहिलो असतो तरी चाललं असतं. तीन-चार तास सावलीत बसलो असतो. तसं मी म्हटलंही होतं. उत्तर आलं, ‘शेड्यूल टाइट आहे.’

आदल्या रात्रीबद्दलही लिहायलाच हवं, कारण ती गोष्ट पैशांपेक्षा गंभीर आहे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. तिथे बिबटे आहेत, पाटोणपाडा, जांभूळपाडा यांसारखे आदिवासी पाडे आहेत. अंधार पडल्यावर जंगलात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती कुणी काढलेली नव्हती. त्यामुळे ‘रात्रीची जंगलभ्रमंती’ म्हणजे बंगल्यापासून डांबरी रस्त्याने थोडं पुढे आणि परत, चौतीस टॉर्च लावून. परत आल्यावर शेकोटी आणि स्पीकरवर गाणी. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही हा देशभरचा नियम आहे, २००० सालापासूनचा. इथे तर राष्ट्रीय उद्यानाची हद्द जवळ. अकरा वाजून गेले तरी गाणी चालूच होती. शेजारच्या बंगल्यातही तेच. येऊरच्या रहिवाशांनी आणि ठाण्यातल्या निसर्गप्रेमींनी या आवाजाविरुद्ध किती वर्षं तक्रारी केल्यात हे ठाणेकरांना सांगायला नको. निसर्गाच्या नावाने पैसे घेणाऱ्यांनी त्यात भर घालावी, हे मला सहन झालं नाही. मी जाऊन स्पीकर बंद करायला सांगितलं. आवाज कमी झाला, बंद झाला नाही.

पहाटे तोच स्पीकर जंगलाच्या वाटेवर आला. पिंगळ्याचा, म्हणजे छोट्या घुबडाचा, आवाज लावला, की त्याला हाकलायला लहान पक्षी गोळा होतात आणि फोटो मिळतात. कॅमेरेवाले खूश. मित्रांनो, हे करू नका. घुबडाचा आवाज म्हणजे त्या पक्ष्यांसाठी जिवावरचं संकट. खाणं सोडून, क्वचित घरट्याजवळून उठून ते धावून येतात. फेब्रुवारी-मार्च म्हणजे अनेक पक्ष्यांची विणीची तयारी सुरू होण्याचा काळ. आणि त्या दिवशी गरज तरी काय होती? वाटेच्या कडेला काटेसावर फुललेली होती. लाल फुलांवर कोतवाल, भोरड्या, सूर्यपक्षी स्वतःहून येत होते. त्या एका झाडाखाली अर्धा तास शांत उभं राहिलं असतं तर आवाज लावायची वेळच आली नसती.

‘तज्ज्ञ निसर्ग-अभ्यासक’ म्हणून जो मुलगा होता, त्याच्याबद्दल कुणी वाईट लिहू नये असं मला वाटतं. कॉलेजात शिकणारा पोरगा. हळद्याचा आवाज त्याने सगळ्यांआधी ओळखला, त्याला खरी आवड आहे. पण चहा वाटणं, तंबू मोजणं, बसवाल्याला फोन करणं, सगळं त्याच्याकडे. त्याला या कामाचे किती मिळतात हे त्याने मला सांगितलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही. चौतीस जणांचे साडेसात हजार धरा आणि तुम्हीच विचार करा. अभ्यासकाला नीट पैसे दिले असते, त्याला आधी विचारलं असतं, तर भरतीची चूक झालीच नसती. नऊची वेळ बघून त्याने शुक्रवारी आयोजकांना फोन केला होता. ‘बुकिंग झालंय, बघू’ असं सांगून त्यांनी ठेवून दिला.

काहीजण मला खासगीत म्हणाले, जाऊ दे गं, ओपन एअरमध्ये दोन दिवस गेले हेच खूप. मला नाही पटत. पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीने परतताना सांगितलं, ‘बर्डिंग बोअर असतं.’ नवीन माणूस असा कायमचा दुरावतो, आणि या खाडीला, या पाणथळ जागांना आज बाजूने बोलणारी माणसं हवी आहेत. नेरुळ-सीवूड्सच्या जागा वाचवण्यासाठी लोक किती वर्षं पत्रं लिहितायत, मानवी साखळ्या करतायत. तिथे एकदा भरतीच्या वेळी नेऊन उभी केली असती तर ती मुलगी त्यांच्यातली एक झाली असती.

मी आयोजकांना लेखी कळवलंय. बोटीचे आणि रात्रीच्या भ्रमंतीचे पैसे सगळ्यांना परत द्या, आणि पुढच्या जाहिरातीत चार गोष्टी लिहा : गटात कमाल किती माणसं, मार्गदर्शक कोण, त्या दिवशीची भरतीची वेळ, आणि पक्ष्यांचे आवाज लावणार नाही ही हमी. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची स्पष्ट तरतूद आहे. जे जे सोबत होते त्यांनी जाहिरातीचे आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट मला पाठवा, तक्रार एकत्र करू.

आणि नाशिकच्या काकांना मी फोन केला होता. पुढच्या पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला, दुपारी, ते दोघं माझ्याकडे येतायत. तीन दुर्बिणी घरात आहेत. आणखी कुणाला यायचं असेल तर सांगा. आठ जणांपेक्षा जास्त घेणार नाही.