"बाया पूर्वी घरात सुखात होत्या": त्या फॉरवर्डला उत्तर

आपल्याकडच्या गावागावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिलाय. म्हणे क्लॉडिया गोल्डिन नावाच्या अमेरिकन बाईला अर्थशास्त्राचं नोबेल भेटलं, तिनं सिद्ध केलं की पूर्वी बाया घरात बसून सुखात होत्या, कामाचं खूळ नंतर आलं, बाईला पैसा कमी भेटतो कारण शिक्षण कमी, अन् तसंही हे अमेरिकेचं, आपल्या गावाशी त्याचं काय घेणं. राजेहो, यातलं नाव अन् 2023 चं नोबेल तेवढं खरं आहे.

घरात बसण्याचं पाहा. गोल्डिनबाईंनी अमेरिकेचे दोनशे वर्षांचे आकडे तपासले अन् दाखवलं ते बरोब्बर उलटं. जुन्या जनगणनेत लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे बरेचदा नुसतं 'बायको' लिहून मोकळे व्हायचे, मग ती नवऱ्यासंगं शेतात राबत असो की घरच्या धंद्यात. त्यांनी ते दुरुस्त करून मोजलं तर 1890 च्या सुमारास काम करणाऱ्या विवाहित बायांचं प्रमाण सरकारी आकड्याच्या जवळपास तिप्पट निघालं. शेतीच्या काळात बाया भरपूर राबायच्या, कारखाने आले तसं काम घरापासून लांब गेलं अन् हे प्रमाण घसरलं, पुढं ऑफिसं-शाळा-दुकानं वाढली तेव्हा परत चढलं. म्हणजे "काम नंतर आलं" हे साफ खोटं.

शिक्षणाचं एकेकाळी थोडंफार खरं होतं. पण आता तिकडं मुली पोरांपेक्षा जास्त शिकतात तरी पगारात फरक आहेच, अन् गोल्डिन म्हणतात तो बहुतेक एकाच पेशातल्या बाई-माणसात आहे, पहिलं लेकरू झालं की वाढतो. आपल्याकडं तर सोपं आहे, रोजंदारीवर नेताना दहावीची मार्कशीट कोण मागते? तरी माणसाचा रोज वेगळा अन् बाईचा वेगळा, काहून?

आता "अमेरिकेचं आहे" हे. देवकी जैन, आपल्याच देशातल्या अर्थशास्त्रज्ञ, 1933 चा जन्म, दिल्लीच्या मिरांडा हाऊसला शिकवायच्या. त्यांनी 1970 च्या दशकात राजस्थान अन् पश्चिम बंगालमधल्या सहा गावांत घरातलं कोण दिवसभर काय करते याची तासातासाची नोंद घ्यायला लावली. कागदावर बिनकामाच्या ठरलेल्या बाया ढोरं, चारा, सरपण, धान्य काढणं यात गुंतलेल्या निघाल्या.

अन् आपला कापूस पाहा. सरकी टोबणं बायांचं, निंदण बायांचं, वेचणी तर बहुतेक बायांचीच. सकाळी कमरेला ओटी बांधायची, दिवसभर वाकून वेचायचं, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलून निघतात, संध्याकाळी काट्यावर गाठोडं लटकते तेव्हा किलोवर पैसे. हे मजुरीच्या वावरात. स्वतःच्या वावरात तीच बाई तेवढंच वेचते तर एक रुपया नाही, सातबारा नवऱ्याच्या नावाचा, चुकारा त्याच्याच खात्यात, अन् कोणी विचारलं की तोच सांगते, "ते घरीच असते." घरचं वेगळंच. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्व्हेत देशभरात घरकाम करणाऱ्या बाईचे रोजचे 299 मिनिटं निघाले, माणसाचे 97.

बायाईले बाहेरचं काम नको असते असंही त्या मेसेजखाली लोक लिहितात. मग महाराष्ट्राच्या रोजगार हमीच्या कामांवर, जिथं बाईला माणसाइतकाच दर, तिथं पहिल्यापासून एवढ्या बाया कशा आल्या? 1977 चा कायदा आहे तो आपला, अमेरिकेचा नाही.

2027 ची जनगणना येऊन राहिली. घरच्या शेतात बिनपैशानं केलेलं कामसुद्धा मागच्या जनगणनेत काम म्हणूनच धरलं जायचं, फक्त ते सांगावं लागते. प्रगणक दारात आला की बायकोलाच पुढं बसवा, अन् टोबणी, निंदण, वेचणी, ढोरं, किती महिने काय केलं ते तिलाच सांगू द्या.