वारशातला आयआरए ‘टॅक्स-फ्री’? आधी १०९९-आर वाचा

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टॅक्सचे दिवस आले की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘अमेरिकेत वारशावर टॅक्स नाही. आई-वडिलांचा आयआरए (निवृत्तीसाठीचं बचत खातं) मिळाला तर रिटर्नमध्ये दाखवू नका. बँक १० टक्के कापते, तिथेच विषय संपला. पैसे १० वर्षांत कधीही काढा. फक्त वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर दंड बसतो.’ खाली अंगठ्यांची रांग. मी लोकांचे रिटर्न भरते, त्यामुळे या रांगेतले काहीजण पुढे नोटीस घेऊन माझ्याकडेच येतात.

‘वारशावर टॅक्स नाही’ हे अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. वडिलांचं घर किंवा साधे शेअर मिळाले, तर मृत्यूच्या दिवशीची किंमत हीच तुमची खरेदीची किंमत धरतात. आधीच्या वाढीवर टॅक्स लागत नाही. आयआरएला ही सवलत नाही. नेहमीच्या आयआरएतल्या पैशांवर वडिलांनी सहसा टॅक्स भरलेलाच नसतो, तो पुढे ढकललेला असतो. ती उधारी खात्यासोबत तुमच्याकडे येते. खातं नावावर झालं म्हणून काही द्यावं लागत नाही. पैसे काढाल त्या वर्षी मात्र ते पगारासारखंच उत्पन्न.

आता जानेवारीअखेर बँकेकडून येणारा १०९९-आर, म्हणजे खात्यातून काढलेल्या पैशांचा कागद, समोर घ्या. चौकट १ मध्ये काढलेली रक्कम, समजा ४०,००० डॉलर. चौकट ७ मध्ये ४ हा कोड, म्हणजे खातेदाराच्या मृत्यूमुळे मिळालेले पैसे. २बी मध्ये बहुतेकदा ‘करपात्र रक्कम ठरवलेली नाही’ यावर फुली असते. तिचा अर्थ लोक ‘करपात्र नाही’ असा लावतात! बँकेने फक्त हात वर केलेत. हिशेब तुम्ही करायचा. वडिलांनी वजावट न घेता काही रक्कम भरली असेल, तर तेवढा भाग फॉर्म ८६०६ भरून वगळता येतो. तसं काही नसेल तर पूर्ण ४०,००० फॉर्म १०४०, म्हणजे मुख्य रिटर्नच्या ४बी ओळीवर, ४ए रिकामी. ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्ती खातं असेल तर ५बी. हे वडिलांच्या शेवटच्या रिटर्नमध्येही टाकायचं नाही, कारण कागदावर सोशल सिक्युरिटी नंबर तुमचा असतो. त्याचीच प्रत आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे जाते. ताळा जुळला नाही की सीपी २००० नोटीस येते, व्याजासकट.

बँकेने कापलेले १० टक्के हा नुसता ॲडव्हान्स. वेगळं काही सांगितलं नाही तर तेवढे कापतात. तुम्ही २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ४०,००० वर फेडरल टॅक्स ८,८००. कापलेले ४,००० ओळ २५बी वर दाखवा. उरलेले ४,८०० तुमच्या खिशातून. राज्याचा हिशेब निराळा.

‘१० वर्षांत कधीही’ हेही सरसकट नाही. २०२० पासून झालेल्या मृत्यूंसाठी बहुतेक मुलांना मृत्यूच्या वर्षानंतरच्या दहाव्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खातं रिकामं करावं लागतं. पण वडील ८० व्या वर्षी, म्हणजे दरवर्षी सक्तीने पैसे काढायचं वय उलटल्यावर गेले असतील, तर मधल्या वर्षांतही किमान रक्कम काढावी लागते. २०२१ ते २०२४ या वर्षांसाठी आयआरएसने दंड सोडला होता. २०२५ पासून ती सूट नाही. न काढलेल्या रकमेवर दंड २५ टक्के, वेळेत दुरुस्ती केली तर १०. आणि नियम पाळूनही सगळं दहाव्या वर्षावर ढकललंत, तर समजा ३ लाख डॉलर एकाच वर्षाच्या उत्पन्नात येऊन स्लॅब कुठच्या कुठे जातो.

राहिला साडेएकोणसाठचा दंड. तो वारसाला नाही. कोड ४ त्यासाठीच असतो. चाळिशीतल्या मुलीने पैसे काढले तर टॅक्स लागेल, १० टक्के दंड लागणार नाही. नवरा-बायकोच्या बाबतीत मात्र जपून. नवऱ्याचा आयआरए बायकोने स्वतःच्या आयआरएत वळवला की तो तिचा झाला. मग साडेएकोणसाठच्या आत काढले तर सहसा दंड बसतोच. लवकर पैसे लागणार असतील तर तिने खातं वारस म्हणूनच ठेवावं, आणि हे बँकेचा फॉर्म भरण्याआधी ठरवावं.