दिवा धरलेली ती बाई रविवर्म्याची नाहीये

काल आत्याने फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला आणि माझं डोकंच फिरलं. आत्या स्वतः सावंतवाडीची! एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, ते चित्र कॅलेंडरवर वगैरे सगळ्यांनी पाहिलंय. मेसेज म्हणतो की हे राजा रविवर्म्याचं ऑइल पेंटिंग, बाई म्हणजे म्हैसूरची राजकन्या, आणि रंगात रेडियम आहे म्हणून चेहरा उजळतो.

रविवर्मा गेला १९०६ ला. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. संपला विषय. काढलंय सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, जन्म १८८२, सावंतवाडीचा! म्हणजे आत्याने आपल्याच गावचा माणूस खोडला. आता खरं सांगायचं तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये जिथे हे चित्र आहे तिथे रविवर्म्याचीही चित्रं आहेत, त्यामुळे बघून आलेल्याचा गोंधळ होऊ शकतो, एवढं मान्य.

ऑइल? अहो जलरंग आहे तो, कागदावरचा. तेलरंगात चुकलं तर वरून रंग चढवता येतो, जलरंगात ती सोय जवळजवळ नाहीच, म्हणून तर हे काम एवढं मोठं.

रेडियमचं म्हणाल तर कॅलेंडरच्या छापील कागदावरही तोच उजेड दिसतो, तिथे कुणी लावलं रेडियम? ज्योतीपुढच्या बोटांकडे बघा, कडा कशा लालसर झाल्यात, आणि आजूबाजूला किती काळोख ठेवलाय. उजेड तिथून येतो.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते राजकन्या प्रकरण. ती हळदणकरांची मुलगी, गीता, लग्नानंतर गीता उपळेकर. दिवाळीत हातात दिवा घेतलेली लेक वडिलांना दिसली, त्यांनी तिला तशीच उभी केली आणि ती तासन्तास उभी राहिली. हे गीताताईंनी स्वतः मुलाखतींमधून सांगितलंय, २०१८ मध्ये कोल्हापुरात १०२ व्या वर्षी गेल्या तेव्हा पेपरातही आलं होतं. आत्ताआत्तापर्यंत आपल्यात असलेली बाई, तिला नाव होतं, घर होतं, आणि आपण तिच्या जागी कुठलीतरी बिननावाची राजकन्या बसवतोय?

आत्याच्या नातीने तो मेसेज वाचून शाळेच्या चार्टवर चित्राखाली रविवर्मा लिहिलंय. चार्ट सोमवारी द्यायचाय. आत्या, आज रात्रीच पट्टी चिकटवून वर नीट लिहायला सांग: सा. ल. हळदणकर, आणि त्याखाली गीताचं नाव.