प्लॉट बघा, माती कशाला बघता!

प्लॉट घेताय? वा, अभिनंदन. दिशा बघा, समोरचा रस्ता किती फुटी ते बघा, सात-बारा बघा, एनए बघा, वास्तुवाल्यांना बोलवून ईशान्य कोपरा शोधून घ्या. फक्त खाली बघू नका. खाली काय असणार, माती. ती काय सगळीकडं सारखीच.

अकोला-अमरावतीकडं, पूर्णा नदीच्या पट्ट्यात घेत असाल तर एप्रिल-मेमध्येच बघायला जा. तेव्हा जमिनीला अशा भेगा असतात की हात मनगटापर्यंत सहज आत जातो, कुठं कुठं कोपरापर्यंत. एजंटला विचारलं तर तो म्हणेल, उन्हानं पडल्यात साहेब, पाऊस पडला की बुजतात. आणि तो खोटं बोलत नाही हो, खरंच बुजतात. बसाल्ट झिजून झालेली ही काळी माती, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती ठासून भरलेली, ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, दरवर्षी, शतकानुशतकं. आता तुम्ही वर टू बीएचके बांधलं म्हणजे लाजून थांबेलच.

सॉईल टेस्टिंगच्या भानगडीत अजिबात पडू नका. लॅबवाले करतात काय तर वाळवून चाळलेली 10-10 ग्रॅम माती मापाच्या दोन काचेच्या नळ्यांत टाकतात, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी, आणि 24 तास नुसतं ठेवून देतात. रॉकेलमधली गपगुमान तळाशी बसते, पाण्यातली फुगून वर येते, दोन्हींतला फरक मोजायचा, झालं. पाण्यातली दुप्पट दिसली तरी मनावर घेऊ नका. तेवढ्या पैशात हॉलच्या पीओपीला एक जास्तीची डिझाईन निघते आणि ती निदान पाहुण्यांना दिसते तरी.

पाया मिस्त्रीवर सोडा. त्यानं मागच्या गल्लीत पाच फुटांवर घेतलाय, तुमचाही पाच फुटांवर. मुरूम, म्हणजे काळीखालचा न फुगणारा कडक थर, लागला का, असले प्रश्न विचारून त्याचा मूड घालवू नका. इंजिनिअर मधेच म्हणेल की मुरूम लागेपर्यंत खोदू, नाहीतर काळी फार खोल आहे तर अंडर-रीम्ड पाईल घेऊ, म्हणजे बुडाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, साधारण साडेतीन मीटर खाली नेऊन टेकवायचे, जिथं उन्हाळा-पावसाळ्याचा फरक मातीला फारसा कळत नाही. रुरकीच्या सीबीआरआयनं, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं, ही पद्धत आपल्या काळ्या मातीसाठी कधीच बसवून दिलीय. पण ते सगळे पैसे जमिनीत गाडले जाणार ना, वर एलिव्हेशनला काय उरणार? आणि हो, खोदलेली काळी माती फेकू नका, तीच प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, भरा. मुरुमाच्या ट्रिपा वाचतात. मग दोन पावसाळ्यांत हॉलच्या मधल्या टाईल्स उचलल्या, की टाईल्सच्या दुकानदाराशी भांडायला जा.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघेल, तिच्यात पुट्टी भरा. पुढच्या वर्षी परत भरा. पावसाळ्यात बेडरूमचं दार अडकेल, सुताराकडून रंधा मारून घ्या, उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडेल, परत सुतार. (आमच्याकडचे सुतार काळ्या मातीला हात का जोडतात ते आता कळलं असेल.) सोबत भिंतीला चिकटून बागेचे वाफे करा आणि संध्याकाळी पाईप सोडून मोबाईल बघत बसा, म्हणजे घराची एक बाजू बारमाही ओली आणि दुसरी ठणठणीत कोरडी, मग बघा भिंती कशा बोलायला लागतात.

आता सेप्टिक टँक. इथं खरी मजा आहे. टँकमधून निघणारं पाणी जिरवायच्या शोषखड्ड्याआधी जमिनीत पाणी किती मुरतं ते बघायचं असतं म्हणे, छोटा खड्डा घ्यायचा, आदल्या दिवशी त्यात पाणी भरून माती नीट भिजू द्यायची आणि मग पाणी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं, अर्ध्या तासाच्या वर गेलं तर शोषखड्ड्याचा नाद सोडायचा. तुम्ही असलं काही करू नका. मे महिन्यात एक बादली सरळ भेगेत ओता. डोळ्यांदेखत गायब! बघा, किती मुरतंय, शोषखड्डा पास. ऑगस्टमध्ये तीच माती भिजून फुगली, भेगा मिटल्या, खड्डा काठोकाठ भरला आणि फ्लश केलेलं परत भेटायला आलं की नगरपालिकेला शिव्या द्या.

कोकणात मात्र उलटं. तिथं जांभ्यातून पाणी भसाभसा खाली जातं, शोषखड्डा कधी भरतच नाही, सगळे खूष. पिण्याच्या विहिरीपासून 18 मीटर लांब ठेवा असं मानक सांगतं, पण विहीर शेजाऱ्याची असेल तर टेप लावायची गरज काय?

बाग राहिली. बांधकामाचा राडारोडा, सिमेंटची खपली, चुना, सगळं तिथंच पसरा, वर चार इंच माती टाका. जमीन आधीच चुनखडीची, त्यात ही भर. लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर ती लोहाची कमतरता वगैरे काही नाही, नजर लागलीय, टॉनिक मारा. नर्सरीतली लाल माती आणून काळ्या चिकट जमिनीत खड्डा करून भरा, पावसाळ्यात त्याचं घंगाळ होतं आणि गुलाब त्यात आरामात कुजतो. माती परीक्षण शेतकऱ्यांसाठी असतं. बांध, उकिरडा, झाडाची सावली टाळून ठिकठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घ्या, माती मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत, एवढं कोण करतं? तुम्ही तर इंजिनिअरिंग केलेलं.

अगदीच कंटाळा आला तर घर विकून टाका. पण दिवाळीच्या सुमारास. तेव्हा जमिनीत ओल असते, भेगा मिटलेल्या असतात, दार मार्चपर्यंत तक्रार करत नाही आणि पुट्टीवर नवीन रंग शोभून दिसतो. गिऱ्हाईकानं माती कशी आहे विचारलंच तर छाती फुगवून सांगा, सोनं आहे हो, कापूस निघायचा इथं!